नाव, गाव आणि जीव

पावसाची झड लागली आणि अंगणात खेळता येईना, की मुलं वही-पेन्सिल घेऊन बसतात आणि नाव-गाव-फळ-फूल सुरू होतं. एक अक्षर निघालं की चार रकाने भरायचे. आपण सगळ्याच जणी हा खेळ खेळलेल्या आहोत. जगातले प्राणिशास्त्रज्ञ अडीचशेहून अधिक वर्षं जे काम करत आले आहेत, त्याचा मोठा भाग म्हणजे या खेळाचे पहिले दोन रकानेच आहेत. एखादा प्राणी सापडला की त्याचं नाव काय आणि त्याचं गाव कोणतं, हे लिहायचं. पहिल्याला ते वर्गीकरण म्हणतात आणि दुसऱ्याला भौगोलिक आढळ.

आपला खेळ फुकटात होतो. त्यांच्या खेळात मात्र नाव लिहिण्यासाठी बहुतेक वेळा त्या प्राण्याचा जीव जातो. तेव्हा प्रश्न असा पडतो, की ज्याला वाचवायचं आहे त्याची ओळख पटवण्यासाठी त्यालाच मारणं बरोबर आहे का? या प्रश्नाचा विचार मी एका नखाएवढ्या बेडकाच्या निमित्ताने करणार आहे.

त्या बेडकाला काचबेडूक म्हणायला हरकत नाही. तो आपल्याकडे नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत, मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या ओल्या जंगलांत, ओढ्याकाठच्या झाडांवर त्याचं कुटुंब पसरलेलं आहे. या कुटुंबात दीडशेहून जास्त जाती आहेत. त्यातली सगळ्यांत जास्त अभ्यासली गेलेली जात म्हणजे हायलिनोबॅट्रेकियम फ्लाइशमनी. नाव केवढं आणि जीव केवढा! लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर. पाठ पोपटी, त्यावर फिकट पिवळे ठिपके. उलटा धरला तर पोटाची कातडी काचेसारखी आरपार, आतलं सगळं दिसतं. काही जातींत तर धडधडणारं हृदयसुद्धा दिसतं. मादी ओढ्यावर झुकलेल्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते आणि या जातीत पुढची राखण बाप करतो. रात्री अंड्यांवर बसून तो त्यांना ओलावा देत राहतो. पिल्लं बाहेर आली की थेट खालच्या पाण्यात पडतात.

आता याच्या नावाची गोष्ट. १८९३ साली ओस्कर ब्यॉटगर या जर्मन अभ्यासकाने कोस्टारिकातल्या सान होसे इथून आलेल्या नमुन्यावरून या बेडकाला शास्त्रीय नाव दिलं. नमुना गोळा करणाऱ्या फ्लाइशमन यांची आठवण म्हणून 'फ्लाइशमनी'. ब्यॉटगर यांच्याबद्दल एक गोष्ट वाचून मी थबकले. त्यांना घराबाहेर पडण्याचीच भीती वाटायची. कितीतरी वर्षं ते फ्रँकफर्टच्या घरातून क्वचितच बाहेर पडले; संग्रहालयातले नमुने त्यांच्या घरी पोचवले जात. म्हणजे ज्याने या बेडकाचं बारसं केलं, त्याने तो ओढा, ते पान, त्या पानाखालचा बाप बेडूक, यातलं काही बघितलेलं नव्हतं. त्याच्यासमोर होता तो अल्कोहोलमध्ये बुडवलेला एक देह. अल्कोहोलमध्ये या बेडकाचा हिरवा रंग उडून जातो आणि तो पांढुरका पडतो.

पुढे या नावाचं काय काय झालं ते आपल्या बायकांना चटकन समजेल. शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग प्रजातीचा, तो आडनावासारखा. दुसरा जातीचा, तो आपल्या नावासारखा. ब्यॉटगर यांनी या बेडकाला 'हायलेला' या घरात घातलं होतं. नंतर तो 'सेंट्रोलेनेला' या घरात गेला आणि कित्येक दशकं तिथेच राहिला. १९५१ मध्ये एडवर्ड टेलर या अमेरिकी अभ्यासकाने काचबेडकांचं वेगळं कुळ मांडलं. १९९१ मध्ये रुइझ-कारान्सा आणि लिंच या दोघांनी घरांची फेरमांडणी केली आणि आपल्या बेडकाचं आडनाव 'हायलिनोबॅट्रेकियम' झालं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच काचेचा बेडूक. घरं बदलली, आडनावं बदलली, पण 'फ्लाइशमनी' हे नाव टिकलं. असं घर बदललं की पहिलं नाव देणाऱ्याचा उल्लेख कंसात लिहितात, अशी त्यांची पद्धत आहे. माहेरची खूण कंसात का होईना राहते. आमच्या पिढीतल्या कितीजणींचं तर लग्नात तांदळाच्या ताटात पहिलं नावसुद्धा बदललं, त्याचा कंस कुठेच नाही!

गंमत बाजूला ठेवू. नाव बदललं तसं गावही बदललं. मेक्सिकोपासून व्हेनेझुएलापर्यंत जिथे जिथे असा दिसणारा बेडूक सापडला, तिथे तिथे त्याला फ्लाइशमनीच म्हणायची रीत होती. मग लोकांनी बारकाईनं पाहायला, त्यांच्या हाका ऐकायला आणि अनुवंशाची तपासणी करायला सुरुवात केली. २००७ मध्ये व्हेनेझुएलाच्या पश्चिमेकडचे बेडूक निराळ्या जातीचे ठरले. मेक्सिकोच्या गेर्रेरो राज्यातल्या बेडकाला टेलर यांनी १९४२ मध्येच वेगळं नाव दिलं होतं, पण मधल्या काळात तो फ्लाइशमनीतच धरला गेला. २०२० मध्ये त्याला त्याचं जुनं नाव परत मिळालं. एका मोठ्या नावाखाली अनेक छोटी घराणी दडलेली होती. हे कळणं फार महत्त्वाचं असतं. 'हा बेडूक दहा देशांत आहे, एका डोंगरावरून गेला तर काय बिघडलं' असं आपण म्हणतो आणि नेमका त्या एका डोंगरावरचा बेडूक जगात दुसरीकडे कुठेच नसतो.

इथपर्यंत मी आमच्या स्वाध्यायाच्या बायकांना एकदा सांगत होते. ऐकता ऐकता एक काकू म्हणाल्या, "अगं, पण हे सगळं कळायला त्याला मारावं लागतं ना? मग ही सरळ संकल्पी हिंसा झाली. ठरवून केलेली. स्वयंपाकात, शेतीत होते तशी नकळत झालेली नाही."

काकूंचा मुद्दा टाळण्यासारखा नव्हता. नव्या जातीचं नाव जाहीर करताना, ते नाव ज्याच्याशी कायमचं बांधलेलं राहील असा एक नमुना नेमावा लागतो, असा प्राणिशास्त्राच्या नामकरणाचा नियम आहे. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्याने त्या नमुन्यापाशी जाऊन पडताळून बघायचं. हा नमुना बहुतेक वेळा मारून, टिकवून संग्रहालयात ठेवलेला प्राणी असतो. बरोबर तुलनेसाठी आणखी चार-दोन असतात. तो हात नकळत चुकून पडलेला नसतो. हिंसेला हिंसा म्हणायला आपण कचरू नये. 'विज्ञानासाठी' असा शब्द पुढे जोडल्याने जीव गेलेला परत येत नाही. बेडकांना नावं देता देता हिंसेला मात्र दुसरं गोड नाव द्यायचं, हे मला पटत नाही.

पण सगळी हिंसा एका तराजूत घालणंही बरोबर नाही. आमच्या कॉलेजच्या काळात सायन्सच्या प्रत्येक वर्गात बेडूक कापायचे. ओळखीतल्या दोन हुशार मुलींनी तेवढ्यासाठी सायन्स सोडून आमच्याबरोबर आर्ट्सला नाव घातलं. त्या टेबलावर जे दिसायचं ते आधीच्या हजारो मुलांनी पाहिलेलं, पुस्तकात छापलेलं होतं. नवीन काहीच कळत नव्हतं आणि बेडूक मात्र दरवर्षी मरत होते. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने असलं विच्छेदन बंद करायला सांगितलं, ते योग्यच झालं. जे ठाऊक आहे ते पुन्हा पाहण्यासाठी मारणं आणि जे कुणालाच ठाऊक नाही ते एकदा कायमचं नोंदवण्यासाठी मारणं, यात फरक आहे. दोन्ही हिंसाच आहेत, पण पहिलीला मी काहीच कारण देऊ शकत नाही.

मग दुसरीला पर्याय नाही का? आहे, थोडा आहे. टांझानियाच्या डोंगरात एक नवीन माकड सापडलं. ते इतकं दुर्मीळ वाटलं की अभ्यासकांनी त्याला मारलं नाही, २००५ मध्ये फोटोवरून आणि आवाजावरून त्याचं वर्णन छापलं. वाचून किती बरं वाटतं! पण पुढे काय झालं पाहा. एका शेतकऱ्याच्या सापळ्यात तसलंच एक माकड मेलेलं सापडलं. त्याचा देह तपासला, अनुवंश तपासला, तेव्हा कळलं की आधी त्याला ज्या प्रजातीत घातलं होतं ती त्याची नव्हेच. त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती करावी लागली. म्हणजे फोटोनं निम्मं काम झालं आणि उरलेलं निम्मं मेलेल्या देहानं केलं. फक्त तो देह कुणी मुद्दाम पाडलेला नव्हता.

मेलेले देह कधीकधी अशी साक्ष देतात की जिवंताला ती देता येत नाही. कोस्टारिकातल्या मोंतेवेर्देच्या डोंगरावर सोनेरी रंगाचा एक भेक होता. १९८९ नंतर तो कुणालाच दिसलेला नाही. त्याच काळात मध्य अमेरिकेतले इतरही कितीतरी बेडूक भराभर नाहीसे झाले. का, ते कळत नव्हतं. २०११ मध्ये काही अभ्यासकांनी संग्रहालयांत अनेक वर्षं पडून असलेल्या बेडकांच्या कातडीची तपासणी केली आणि कातडीवर वाढणारी एक घातक बुरशी मेक्सिकोतून दक्षिणेकडे कशी सरकत गेली, याचा माग लावला. ते बेडूक ज्यांनी बाटलीत घातले, त्यांना या बुरशीची कल्पनाही नव्हती. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उपयोग झाला म्हणून पाप पुण्य होतं का?" नाही होत. पण उपयोग झाला हेही खोटं ठरत नाही. आपल्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता आल्या पाहिजेत.

आता दुसरी बाजू. मारून जे कधीच कळलं नसतं, असंही बरंच आहे. काचबेडूक आरपार दिसतो हे आधीपासून माहीत होतं. पण रक्त तर लाल असतं, मग अंगभर फिरणारं रक्त दिसत कसं नाही? २०२२ मध्ये याचं उत्तर मिळालं, तेही आपल्या या फ्लाइशमनी बेडकाकडूनच. दिवसा पानावर झोपताना तो आपल्या रक्तातल्या जवळजवळ ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात नेऊन साठवतो. अंग दोन-तीन पट जास्त पारदर्शक होतं आणि पानावर बेडूक आहे की नाही ते शत्रूला समजत नाही. संध्याकाळी जागा झाला की पेशी पुन्हा अंगभर फिरायला लागतात. एवढ्या पेशी एका ठिकाणी दाटूनही रक्ताची गुठळी होत नाही, याचं डॉक्टरांनाही नवल वाटतं. आणि खरी गोष्ट पुढे आहे. हे सगळं फक्त जिवंत, शांत झोपलेल्या बेडकात दिसतं. जागा केला तर नाही, भूल दिली तर नाही, मारला तर नाहीच. त्यासाठी त्या बेडकाची झोप न मोडता प्रकाश आणि आवाजाच्या लहरींनी आत डोकावणारं तंत्र वापरावं लागलं.

त्याआधी, २०१७ मध्ये, आणखी एक गोष्ट पुढे आली. काचबेडकांच्या अनेक जातींत पिल्लांची काळजी कुणीच घेत नाही, अशी समजूत होती. काही अभ्यासक रात्ररात्र ओढ्याकाठी बसले, तेव्हा दिसलं की कितीतरी जातींत आई अंडी घातल्यावर त्याच रात्री काही वेळ त्यांच्यावर बसून राहते, त्यांना पाणी देते आणि मग निघून जाते. त्या थोड्या वेळाच्या बसण्यानेही अंडी तगतात. आईची ती मूठभर सेवा पुस्तकात नव्हती, कारण त्या वेळी तिथे बघायला कुणी बसलेलं नव्हतं. घरातल्या बाईच्या कामाचं याहून निराळं काय होतं? कामाची नोंद नाही म्हणून काम झालंच नाही, असं धरून चालायची सवय फार जुनी आहे. बाटलीतली बेडकीण हे कधीच सांगू शकली नसती.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं आहे, की मारून मिळणारं ज्ञान खरं असलं तरी ते ज्ञानाचा एक तुकडा आहे. तेवढ्यावर 'आम्हाला हा प्राणी कळला' असं कुणी म्हणू नये. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर बसून, जागून, वाट पाहून मिळण्यासारखं आहे, तिथे सुरीला हात घालणं हा आळस आहे.

आता गावाकडे वळते. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशात अँडीज पर्वताच्या उतारावर ग्वाय्याबाम्बा नावाच्या नदीचं खोल खोरं आहे. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन जंगलं, मध्ये अंतर वीसएक किलोमीटर. दोन्हीकडे एकसारखेच दिसणारे काचबेडूक. शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांनी वेगळे करणं जवळजवळ अशक्य. २०२२ मध्ये हुआन मानुएल ग्वायासामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या दोन निराळ्या जाती आहेत. अनुवंश सांगतो की त्यांची घराणी केव्हाच वेगळी झालेली आहेत. इकडच्याला त्यांनी जागेवरून नाव दिलं, माश्पी. पलीकडच्या टॉइसान डोंगररांगेतल्याला नाव मिळालं 'नाऊन्स', इंटरनेटवरच्या एका गटाच्या नावावरून. इंग्रजीत नाऊन म्हणजे व्याकरणातलं नाम. आपण शाळेत नाम-सर्वनाम-विशेषण शिकलो ना, त्यातलं नाम. बेडकाचं नावच 'नामे'! कुणाला हे विचित्र वाटेल. २०१५ मध्ये कोस्टारिकात सापडलेल्या एका काचबेडकाला शोधणाऱ्याने आपल्या आईचं नाव दिलं, ते कुणाला गोड वाटेल. बेडकाला दोन्हीचं सारखंच. नाव माणसाच्या सोयीचं आहे. बेडकाचं म्हणून जे काही आहे, ते त्याचं गाव: तो ओढा, तो उतार, ते धुकं.

हे 'गाव' प्रकरण मला कुणा शास्त्रज्ञाने शिकवलेलं नाही. ते माझ्या आजीने शिकवलं. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं, हे आपल्या घरांतून सगळ्यांना माहीत आहे. पण गाळून झाल्यावरचा नियम आता कुणी फारसं सांगत नाही. फडक्यावर जे जीव राहिले असतील, ते गाळलेल्याच पाण्याने हळूच धुऊन परत त्याच विहिरीत सोडायचे. त्याच विहिरीत. शेजारच्या नाही. आजी दोन विहिरींचं पाणी घ्यायची आणि दोन्हींची फडकी वेगळी ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही गं." तिला ते जीव दिसत नव्हते. त्यांची नावं माहीत नव्हती, ते एका जातीचे की दहा, तेही माहीत नव्हतं. पण प्रत्येक जीवाला त्याचं त्याचं पाणी असतं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. ग्वाय्याबाम्बाच्या दोन काठांवरच्या बेडकांबद्दल अनुवंशाच्या यंत्रांनी जे सांगितलं, त्यातलं आपल्या कामाचं सार आजीच्या फडक्यात होतं.

आपण सीमाभागातली माणसं. नकाशावर रेषा ओढली की त्या रेषेच्या दोन बाजूंच्या माणसांचं काय होतं, हे १९५६ पासून आपण बघतो आहोत. बेडकाच्या गावाची रेषा मात्र कुठल्या कचेरीत ओढली जात नाही. ती नदी ओढते, पाऊस ओढतो, डोंगराची उंची ओढते. ती रेषा आपल्याला दिसत नाही म्हणून ती नाही असं धरून आपण रस्ते काढतो, खाणी खणतो.

खाणींचा विषय आलाच, तर नावाचा खरा उपयोग कुठे होतो तेही सांगायला हवं. नाही तर नाव देणाऱ्यांवर अन्याय होईल. इक्वाडोरने २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाला स्वतःचे हक्क असल्याचं मान्य केलं. असं करणारा तो पहिला देश. २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने लोस सेद्रोस या जंगलातली खाण त्या हक्कांच्या आधारावर थांबवली. अशा खटल्यात 'इथे पुष्कळ जीव आहेत हो' एवढं म्हणून भागत नाही. कोणते, किती, दुसरीकडे कुठे आहेत का, हे कोर्टापुढे ठेवावं लागतं. म्हणजे नाव आणि गाव. बिननावाच्या जीवाचा वकील कोण होणार? काकूंच्या प्रश्नाला माझ्याजवळचं सगळ्यांत अवघड उत्तर हेच आहे. बाटलीतल्या त्या एका बेडकाच्या जिवावर बाकीच्यांचं घर कधीकधी वाचतं.

आणि तरीही नावापाशीच सगळं थांबलं पाहिजे असं नाही. काचबेडूक दिसायला सुंदर, म्हणून त्यांचा पाळीव प्राण्यांच्या बाजारात व्यापार चालतो. यातल्या काही जाती धोक्यात आहेत. पण कस्टमच्या माणसाने डब्यातला बेडूक धोक्यातला की साधा, हे ओळखायचं कसं? ते तज्ज्ञांनाही जमत नाही. यावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामात भरलेल्या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत जो निर्णय झाला, तो मला फार आवडला. काचबेडकांचं अख्खं कूळच संरक्षणाच्या यादीत घातलं. एकसारखे दिसतात ना, मग सगळ्यांच्याच व्यापाराला परवाना लागेल. ओळख पटत नसेल तर संशयाचा फायदा जीवाला. आजीनेही हेच केलं नव्हतं का? फडक्यावर काही असेल नसेल, पण असेल असं धरून वागायचं.

राजगृहीच्या बेडकाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तोंडात कमळाची पाकळी धरून भगवान महावीरांच्या समवसरणाकडे निघालेला तो बेडूक वाटेत राजा श्रेणिकाच्या हत्तीच्या पायाखाली आला आणि त्याच्या भावामुळे देवगतीला गेला. त्या कथेत तो कुठल्या जातीचा होता हे कुणी विचारत नाही, विचारायची गरजही नाही. आपल्या परंपरेनेही जीवांचं वर्गीकरण केलंच आहे, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. पण त्या मोजणीचा हेतू 'कुणाला किती दुखतं' हे आपल्याला कळावं हा होता. बेडूक त्यात पंचेंद्रिय, म्हणजे आपल्याच ओळीतला. दया करायला नाव लागत नाही, हे या कथेतून मी शिकले. राखण करायला मात्र नाव लागतं, हे काचबेडकांनी शिकवलं. दया आणि राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जगात आज दोन्हींची गरज आहे.

मग माझं उत्तर काय? काकूंनी मला नेमकं हेच विचारलं. मी त्यांना म्हटलं, मला स्वतःला तो बेडूक मारता येणार नाही, आणि कुणी त्याला पुण्य म्हटलेलंही मला चालणार नाही. पण जो मारतो त्याला चार प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. हे आधीच कुणाला ठाऊक नाही ना? जिवंत ठेवून कळण्यासारखं नाही ना? एकावर भागत असताना दहा घेतले नाहीत ना? आणि चौथा सगळ्यांत महत्त्वाचा, नाव दिल्यावर त्याच्या गावासाठी तू काय केलंस? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर आली तरी चौथ्याचं आलं नाही, तर तो जीव फुकट गेला. जीव घेऊन नाव दिलं की ते नाव म्हणजे कर्ज असतं. ते फेडायचं तर बाकीच्यांचा ओढा वाहता ठेवावा लागतो.

आणि हे कर्ज फक्त नाव देणाऱ्याचं नाही. काचबेडकाची गोष्ट वाचून 'किती छान' म्हणणारे तुम्ही-आम्हीही त्या ज्ञानाचे वाटेकरी आहोत. इक्वाडोरचा ओढा आपल्या हातात नाही. पण आपल्या भागातल्या ओढ्याचं, तळ्याचं, शेताच्या बांधाचं काय चाललंय, हे तरी आपण बघतो का? पावसाळ्यात रात्री कानावर येणारा तो आवाज कोणत्या बेडकाचा आहे हे माहीत नसलं तरी चालेल. गेल्या वर्षी येत होता आणि यंदा येत नाही, एवढं तरी लक्षात यायला हवं.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चौथा प्रश्न बरोबर आहे तुझा. पण पहिले तीन विचारायला त्याच्यासमोर कोण उभं राहणार?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे.